भिकाजी तांडेलाच्या होडीवरचं पाणी

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला असावा. या अंकात दरवर्षी निवृत्त मंडळी आपल्या नोकरीचे अनुभव लिहितात. गेल्या दिवाळीत एका पोस्टमास्तरांचा लेख होता, त्याच्या आदल्या वर्षी एका कंपाउंडरांचा. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्गात आहे आणि माझी आजवरची नोकरी एकंदर अकरा दिवसांची. पण पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, "आपण शिडाच्या होडीतून कोकणच्या किनाऱ्याने सफर केलीत असे कळले. गमतीजमतींसह लिहावे."

गमती घडल्या, त्या लिहितो. पण मला अजून राग आहे. राग बाजूला ठेवून नुसत्या गमती लिहायला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. लिहिण्यात काही उणं-अधिक झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. आमच्या घरात कागदावर लिहिणारा मी पहिलाच.

माझं गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या बाजूला. आमची मेंढरं आहेत आणि पावसावरची थोडी ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळात मी आठवीत होतो. तेव्हा गावात टँकर यायचा, आणि पाणी वाटायचं काम गावानं माझ्या वडिलांकडं, म्हणजे आप्पांकडं दिलं होतं. ते कुणाला मागून मिळणारं काम नव्हे. ज्याच्यावर दोन्ही आळ्यांचा विश्वास असेल त्यालाच देतात, आणि महिन्याभरात दोन्ही आळ्या त्याला शिव्या देऊ लागतात.

ज्यांच्या दारात नळ किंवा पाट आहे त्यांच्यासाठी हे काम थोडं समजावून सांगतो. पाणी डोळ्यांनी मोजता येत नाही. पिंपात वाकून बघणाऱ्याला ते नेहमी जास्तच दिसतं. म्हणून आप्पांकडं निंबाची एक काठी होती. सकाळी आणि संध्याकाळी ती पिंपात तळापर्यंत उभी धरायची आणि जिथवर ओली होईल तिथं विळ्यानं खाच पाडायची. दोन खाचांमधलं अंतर म्हणजे त्या वेळात गेलेलं पाणी. काठी खोटं बोलत नाही आणि ती कुणाची पाहुणी लागत नाही. वाटायला भांडं एकच ठेवायचं. वाटणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी प्यायचं. पाणी किती उरलं असं कुणी विचारलं तर हंडे सांगायचे नाहीत, दिवस सांगायचे. हंडे सांगितले की माणसं आपापले हंडे मोजायला लागतात. आणि शेवटचा नियम असा की एक तांब्या बाजूला झाकून ठेवायचा आणि त्याबद्दल सख्ख्या बायकोलाही सांगायचं नाही. कुणाचा जीवच जायला लागला तर तो काढायचा.

हे शिक्षण मला पुढं उपयोगी पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये आमच्या वसतिगृहाच्या फळ्यावर सूचना लागली. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले सहा तरुण जयगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत शिडाच्या होडीनं सागरी सफर करणार होते. त्यांना एक मदतनीस विद्यार्थी हवा होता. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. भूगोलाच्या पेपरात खारे वारे आणि मतलई वारे यांवर मला पैकीच्या पैकी गुण होते, पण दोन्हींपैकी एकही वारा माझ्या अंगाला लागलेला नव्हता. मी नाव दिलं.

सफरीचे प्रमुख विश्वासराव. पलूसकडचे, पाटाखालचा ऊस असलेल्या घरातले, उंचपुरे, बोलायला मोकळे. त्यांचे मामा आमच्या वसतिगृहाच्या समितीवर आहेत, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे. त्यांनी मला विचारलं, "गाव कुठलं रे?"

"जत तालुका, साहेब."

ते मोठ्यानं हसले. "झालं तर मग! ह्याला द्या पाण्याचं खातं. पाणी पुरवून वापरायचं कसं हे ह्याला काय शिकवायला नको."

बाकीचेही हसले. मीही थोडा हसलो. अशी माझी निवड झाली. मी घरी जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी परड्यातल्या निंबाची एक सरळ फांदी तोडली, सोलून गुळगुळीत केली आणि माझ्या ट्रंकेवर ठेवली.

"आप्पा, तिथं समुद्र हाय," मी म्हणालो.

"आसंना. प्यायचं पिपातलंच का न्हाई?"

जयगडला खाडीच्या वरच्या चढावरून एस.टी. उतरू लागली आणि मला समुद्र दिसला. त्याचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे. माझ्या मनात काय आलं ते तेवढं लिहितो: एवढं पाणी, आणि राखायला एक माणूस नाही! किनाऱ्यावर गेल्यावर मी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारट असतं हे पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकातलं खारट वेगळं आणि हे वेगळं. मी थुंकत असताना मागून आवाज आला, "काय रे झिला, दर्या पयल्यांदाच बघतंस?"

ते भिकाजी तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख नाविक. साठीच्या आसपासचे, मालवणकडचे, अंगानं वाळलेले, डोळे सदा बारीक केलेले. होडी त्यांची स्वतःची. त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली. तिच्यातून कौलं आणि मीठ यांची ने-आण चाले. कौलं जयगडला उतरवून ते रिकामे घरी निघाले होते, म्हणून आम्हांला घेऊन जायला तयार झाले. बरोबर दोन खलाशी, दोघंही त्यांचे पुतणे.

माझी काठी बघून त्यांनी विचारलं, "ही कित्याक?"

मी सांगितलं. त्यांनी ती हातात घेतली, अंगठा फिरवून बघितला आणि परत दिली. "आमच्याकडे दोरयेक गाठी मारून खोली मोजतत. तुमच्याकडे काठयेर. शाणो आसा तुझो बापूस." माझ्या आप्पांना शहाणं म्हणणारा तो मला भेटलेला पहिला परका माणूस.

होडीवर दोन लाकडी पिंपं होती. आम्ही सात आणि ते तिघं, अशी दहा माणसं. वाटायला मी नारळाची एक करवंटी ठरवली. पहिले पाच दिवस सुखाचे गेले, आणि ते सुख मी खोटं ठरवणार नाही. सकाळी जमिनीवरून येणारा मंद वारा, तोच मतलई. दुपारी समुद्रावरून येणारा जोराचा खारा वारा. त्या वाऱ्यावर शीड फुगलं की होडी एका कुशीवर कलायची आणि आमच्यातले निम्मे जण ओकायचे. मी ओकलो नाही. तांडेल म्हणाले, मेंढरामागे चालणाऱ्याला पाय कसे टाकायचे ते शिकवावं लागत नाही.

किनारा दर तासाला वेगळा. एके ठिकाणी काळा कडा सरळ पाण्यात उभा आणि त्याच्या पायाशी लाटांचा धुरळा. त्याच्यापुढं वळण घेतलं की पांढऱ्या वाळूची पट्टी, तिच्यावर माणूस नाही की झोपडी नाही. मग तांबड्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, तो बघून मला आमच्या माळाची आठवण व्हायची. मग एकदम खाडी, तिच्या दोन्ही अंगांना चिखलात पाय रोवून उभी असलेली झाडं आणि त्यांच्यावर बगळे. तांडेलांना प्रत्येक खडकाचं नाव माहीत होतं. पाण्याखालच्या खडकांचंसुद्धा. ते मला म्हणाले, "वयलो खडक घात करूचो नाय. खालचो बघ."

आमच्यात सुकुमार म्हणून सांगलीचा एक जैन मुलगा होता. वडिलांचं हळदीचं दुकान. तो पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नसे, आणि गाळून झाल्यावर फडक्यात राहिलेले बारीक जीव, ज्याला ते जिवाणी म्हणतात, ते ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडावे लागतात. जयगडच्या विहिरीचं पाणी आणि होडी वीस मैल पुढं आलेली! तो फडकं हातात धरून रडकुंडीला येऊन मला म्हणाला,

"आता काय करू रं बिरू? जयगडला चालत जाऊ?"

तांडेलांनी सुकाणूवरून सांगितलं, "सोड दर्यात. दर्या सगळ्या विहिरींचो बापूस."

सुकुमारनं थोडा विचार केला आणि सोडलं. त्या दिवसापासून माझी आणि त्याची गट्टी जमली. पाण्याचा एक थेंब वाया जात नाही हे बघणारे होडीवर आता दोघं झालो.

विश्वासरावांचं आणि माझं पहिल्याच दिवशी वाजलं होतं. ते समुद्रात पोहायचे आणि वर आल्यावर अंग खारट होतं म्हणून गोड्या पाण्याच्या दोन बादल्या मागायचे. मी दिल्या नाहीत. हात जोडून म्हणालो, "साहेब, ह्ये प्यायचं पानी हाय."

"अरे, आमच्या उसाला एका पाळीला जेवढं पाणी लागतं तेवढं तू जन्मात बघितलं नसशील. दोन बादल्यांचं काय घेऊन बसलास?"

"व्हय साहेब. पर पाट हितं न्हाई."

ते हसले, पण त्या दिवसापासून मला "टँकर" म्हणू लागले. "ए टँकर, एक करवंटी सोड की!" बाकीचेही म्हणू लागले. मला तेव्हा राग आला नाही. आमच्या भागातल्या माणसाला पाण्यावरून चिडवलेलं नवीन नसतं. पण सातव्या दिवशी जे झालं त्याचा राग आला आणि अजून गेलेला नाही.

वेंगुर्ल्याला आमचा सत्कार ठरला होता. गावातली बडी मंडळी येणार, फोटो निघणार. त्यासाठी विश्वासरावांनी सहाही जणांना पांढरेशुभ्र सदरे आणि पँटी शिवून आणल्या होत्या. मला नव्हत्या, मी मदतनीस. हे कपडे पेटीत होते, पण सहाव्या दिवशी जोराच्या लाटेत पेटीत पाणी शिरलं आणि त्यांच्यावर पिवळे डाग पडले.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही एका निर्जन पुळणीसमोर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यासमोर, नांगर टाकला. काठीप्रमाणे एक पिंप काठोकाठ आणि दुसरं निम्मं होतं. पुढचं गोडं पाणी दोन दिवसांच्या वाटेवर, असं तांडेलांनी सांगितलं होतं. म्हणजे हिशेब बरोबर बसत होता, वर थोडं शिल्लकही राहत होतं. तांडेल, एक पुतण्या, सुकुमार आणि मी सरपण आणायला किनाऱ्यावर गेलो. दोन तासांनी परत आलो तेव्हा लांबूनच दिसलं. शिडाच्या दोरावर पांढरे कपडे वाळत होते. बारा नग. वाऱ्यावर फडफडत होते.

मी पिंपाकडं धावलो. भरलेलं पिंप रिकामं होतं. तळाशी साबणाचा फेस होता.

मी विचारलं तेव्हा विश्वासराव अगदी सहज म्हणाले, "अरे, आधी समुद्राच्याच पाण्यात धुवून बघितलं. पण त्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. मग काय करणार?"

हे खरं आहे. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. आमच्याकडं ज्या विहिरीचं पाणी मचूळ तिथल्या बायकांना हे माहीत असतं. पण जन्मभर पाटाच्या कडेला वाढलेल्या माणसाला असं वाटतं की फेस येत नसेल तर दुसरं पाणी घ्यावं. दुसरं पाणी नसतं ही गोष्टच त्याच्या डोक्यात येत नाही. मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. मला त्यांच्या दुष्टपणाचा राग आलेला नाही. फेसाचा आलेला आहे.

होडीवर राहिलेल्या पुतण्याला तांडेलांनी विचारलं, "तू गप कित्याक ऱ्हवलंस?" तो खाली मान घालून म्हणाला, "सायेब बोलले, हुकूम आसा." तांडेलांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. मला म्हणाले, "झिला, अर्ध्या पिंपाक काठी लाव." मी लावली. दीड वीत.

त्या दुपारी वारा पडला. पडला म्हणजे असा पडला की शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. संध्याकाळपर्यंत आम्ही वल्ही मारली, पण दहा माणसांची लांबरुंद होडी वल्ह्यांनी किती जाणार? मी वाटप निम्म्यावर आणलं. विश्वासराव म्हणाले, "टँकर, तू आम्हांला मारणार काय रे?" एप्रिलचं ऊन, सावली नाही, आणि खाली पाण्यावरून परत वर येणारी आग. आठव्या दिवशी दुपारी पिंपात काठी घातली ती कोरडीच वर आली. खलाशांचं स्वतःचं एक मडकं होतं. ते त्यांनी न मागता आणून आमच्या पोरांना पाजलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि जो अहवाल नंतर छापला गेला त्यात यातलं एक अक्षर नाही.

तिसऱ्या प्रहरी थोडा वारा सुटला आणि होडी एका लहान खाडीच्या तोंडाशी आली. आत गाव दिसत होतं, माडांच्या मागं विहीरही असणार. पण ओहोटी लागलेली होती. त्याला तिथले लोक सुकती म्हणतात. खाडीच्या तोंडाशी खडकांची एक रांग आहे. भरतीला तिच्यावरून होडी सुखरूप जाते. ओहोटीला खडक पाण्याच्या हातभर खाली राहतात. वरून दिसत नाहीत आणि होडी बसते.

"सुकती आसा," तांडेल म्हणाले. "भरती लागांदे. दोन-अडीच तास कळ काढा."

आमच्यातला सगळ्यांत लहान मुलगा, ज्यानं आदल्या दिवशी ते कपडे धुतले होते, सकाळपासून ओकत होता. आता त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो काहीतरी असंबद्ध बोलत होता. विश्वासराव ओरडले, "अडीच तास? पोरगं मरंल! होडी आत घ्या. सफर माझी हाय, हुकूम माझा!"

"सफर तुमची. होडी माजी," तांडेल शांतपणे म्हणाले. मग ते माझ्याकडं वळले. "झिला, खरा सांग. पाणी किती आसा?"

आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला फार जड जातं.

पिठाच्या पोत्यात मी एक तांब्या लपवलेला होता. आप्पांचा नियम मी पहिल्या दिवशीच पाळला होता. तांब्या भरलेला होता. तो काढला असता तर त्या पोराला अडीच तास पुरला असता. पण माझ्या मनात आलं, सगळे तहानेनं तळमळत असताना मी पोत्यातून तांब्या काढला तर हे मला चोर म्हणतील. "टँकर"नं पाणी चोरून ठेवलं म्हणतील. मी नियमाप्रमाणे दिवस सांगितले. "आजचा दिवसबी निघायचा न्हाई," मी म्हणालो.

तांडेलांनी त्या पोराकडं बघितलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि सुकाणू वळवलं.

फार मोठा आवाज झाला नाही. वाळलेला बांबू मोडावा तसा झाला. होडीच्या नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, फळी फुटली आणि पाणी आत आलं. खोली कमरेएवढीच होती, कुणाला काही झालं नाही. तांडेलांच्या पुतण्यांनी त्या आजारी मुलाला खांद्यावर घेतला. सगळ्यांत आधी होडीतून बाहेर काढली गेली ती विश्वासरावांची पेटी. मी पिठाच्या पोत्यातून तांब्या काढला आणि किनाऱ्यावर त्या पोराच्या तोंडाला लावला. गाव समोर असताना, विहीर दिसत असताना, मी त्याला ते पाणी पाजलं. तांडेलांनी ते बघितलं. तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग ते होडीकडं परत गेले. संध्याकाळपर्यंत ते त्या होडीजवळ पाण्यात उभे होते.

दुसऱ्या दिवशी जवळच्या बंदर कचेरीत अपघाताची नोंद करायची होती. विश्वासरावांनी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून सर्वांच्या वतीनं एक जबाब लिहिला. कागद वरून दुमडलेला होता. आजारी पोरगं सोडून बाकी पाचांच्या सह्या झालेल्या होत्या.

"कर सही," ते म्हणाले.

"काय लिवलंय, साहेब?"

"झालं ते लिहिलंय. सगळ्यांनी केली आहे. तुझी वसतिगृहातली जागा पुढच्या वर्षी पाहिजे ना तुला?" हे ते धमकावून बोलले नाहीत. खांद्यावर हात ठेवून बोलले.

कागद उलगडायला मला किती वेळ लागला असता? मी उलगडला नाही. उलगडला असता तर सही करता आली नसती, हे मला आतून माहीत होतं. मी सही केली. इंग्रजीत केली, नवीन शिकलेली, खाली रेघ ओढून.

मग आम्ही एस.टी.नं वेंगुर्ल्याला गेलो. हो, एस.टी.नं. ते पांढरे कपडे पेटीतून निघाले, कोरडे आणि स्वच्छ. सत्कार झाला, हार झाले. पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आलं की तरुणांनी साहसी सागरी सफर यशस्वीरीत्या पूर्ण केली. मार्गात तांडेलाच्या निष्काळजीपणामुळे होडी खडकावर आदळली, परंतु पथकप्रमुखांच्या प्रसंगावधानाने सर्वांचे प्राण वाचले. मी तेव्हा पहिल्यांदा त्या जबाबात काय लिहिलं होतं ते वाचलं.

मी ते कात्रण घेऊन गावी गेलो आणि आप्पांना वाचून दाखवलं, मग तांब्याचंही सांगितलं. आप्पा मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. काटा काढून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"तू सही क्येलीस?"

"व्हय."

"वाचून?"

मी कात्रणाची घडी घातली.

"मी आंगठ्याचा मानूस," आप्पा म्हणाले. "तलाठी येवू दे, सोसायटीवाला येवू दे. आदी वाचून दाव म्हनतो, मंग आंगठा. मला फसवायला त्येंला खोटं वाचाय लागतं. तुला तर त्येवढाबी तरास पडला न्हाई." त्यांनी मेंढी सोडली. "आन् तांब्या कशापायी ठ्येवला हुतास? चोर म्हनतील म्हनून झाकून ठ्येवायचा आसतो व्हय रं?"

मी जूनमध्ये तांडेलांना पत्र लिहिलं. उत्तर त्यांच्या मुलीनं लिहिलं, चार ओळींचं. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे. बंदर कचेरीनं बाबांचा होडी चालवण्याचा दाखला चौकशी होईपर्यंत ठेवून घेतला आहे. सहा शिकलेल्या माणसांच्या सह्या आहेत म्हणून साहेब म्हणतात, आम्ही तरी काय करणार. चौकशी दिवाळीनंतर आहे. शेवटी एक ओळ होती, "बाबा विचारतात, काठी आहे का."

काठी आहे. माझ्यासमोर टेबलावर आहे. तिच्यावर पंधरा खाचा आहेत. तेरावी आणि चौदावी यांच्यामध्ये एका सकाळीतच एक अख्खं पिंप गेलेलं आहे. त्या खाचेजवळ मी त्याच दिवशी विळ्याच्या टोकानं एक छोटी फुली कोरली होती; का कोरली तेव्हा कळलं नव्हतं.

संपादकांनी गमतीजमती मागितल्या होत्या, आणि मी हे लिहून पाठवतो आहे. राग मानू नये. माझी एक विनंती आहे. या अंकाची एक प्रत त्या बंदर कचेरीला पाठवावी. पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. चौकशीच्या दिवशी मी स्वतः काठी घेऊन जाणारच आहे, आणि सुकुमारही येतो म्हणाला आहे. त्याची सही त्या कागदावर माझ्या वर होती. तो म्हणतो, "माझ्या हातून पाणी गाळायचं चुकलं नाही, कागद गाळायचा चुकला." वसतिगृहातली माझी ट्रंक मी भरून ठेवली आहे.

म्हणून हा लेख न समजता माझा जबाब समजावा. जयगडहून निघालेल्या होडीवरचं पाणी माझ्या ताब्यात होतं. सातव्या दिवशी भरलेलं एक पिंप कपडे धुण्यात गेलं. होडी ओहोटीत आत घेऊ नये असं तांडेलांनी सांगितलं होतं. त्यांनी ती घेतली ती आजारी मुलासाठी आणि माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द एका तांब्यानं खोटा होता. खडक कुठं आहे हे त्यांना माहीत होतं. पाणी कुठं आहे हे मला माहीत होतं.

हे सगळं मी लिहून झाल्यावर आप्पांना दोनदा वाचून दाखवलं. एके ठिकाणी त्यांनी थांबवून दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. मग खाली सही केली, मराठीत, बिराप्पा म्हणून. शेजारी आप्पांनी न सांगता आपला अंगठा उठवला आहे. तो छापता आला तर छापावा.